जुनी बोट विकत घेताना : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

जुन्या बोटींच्या बाजारात नवखा माणूस बहुधा उलट्या क्रमाने चालतो. आधी बोट मनात भरते, मग किंमत ठरते, मग ती ठेवायची कुठे याची शोधाशोध सुरू होते आणि इंजिनाची खरी अवस्था पहिल्या हंगामात कळते. या लेखात तो क्रम सरळ करून मांडला आहे. आधी जागा आणि हिशेब, मग कागद, मग स्वतः केलेली पाहणी, त्यानंतर अटींसह बोली, सर्व्हेअर (बोट तपासून अहवाल देणारा तज्ज्ञ), पाण्यातली चाचणी आणि अगदी शेवटी पैसे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. जुन्या बोटीचे बहुतेक महागडे दोष एकाच कारणातून येतात : पाणी जिथे जायला नको तिथे गेलेलं असतं. डेकच्या गाभ्यात, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) प्लायवूडमध्ये, इंजिनाच्या ऑइलमध्ये, वायरीच्या तांब्यात, टाकीच्या बुडाशी. यातलं काहीच बाहेरून नजरेला येत नाही. नजरेला येतो तो रंग, चकाकी आणि गाद्या, आणि हे सगळं थोड्या पैशात होणारं काम आहे. म्हणून पाहणीचा सगळा रोख पाणी कुठे शिरलंय हे शोधण्यावर ठेवायचा. पुढची माहिती मुख्यतः ५ ते १२ मीटर लांबीच्या फायबरग्लास बोटींसाठी आहे, मग ती आउटबोर्डची (इंजिन मागे बाहेर टांगलेली) असो, इनबोर्डची (इंजिन आत बसवलेली) असो वा शिडाची.

जागा, वापर आणि खरा खर्च

बोट पाहायला जाण्याआधी ती कुठे राहील ते ठरवा. धक्क्यावर किंवा मुरिंगवर (पाण्यात तळाला अडकवलेल्या दोराला बांधून) ठेवणार असाल तर पूर्ण ओहोटीला तिथे पाणी किती उरतं आणि बोटीचा पाण्याखालचा भाग किती खोल जातो, हे दोन आकडे हवेत. वाटेत पूल असेल तर भरतीच्या वेळी पुलाखाली किती उंची मिळते तेही. शिडाची बोट असेल तर त्यात डोलकाठीवरचा अँटेना धरा.

ट्रेलरवरून नेणार असाल तर माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबू नका. ते बहुतेकदा कोरड्या बोटीचं असतं आणि कित्येकदा त्यात इंजिनही धरलेलं नसतं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, डिझेल ०.८५ किलो आणि पाणी एक किलो. म्हणजे २०० लिटर पेट्रोल आणि ८० लिटर पाणी मिळून २३० किलो झाले. त्यात दोन बॅटऱ्या, नांगर, साखळी आणि सामान घाला आणि मग ट्रेलरचं स्वतःचं वजन. शक्य असेल तर बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन आणायला सांगा. याचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे येईल.

वापराच्या बाबतीत येत्या वर्षाचा विचार करा. किती जण, किती तास, किती लांब, कुठल्या पाण्यात? कधीतरी लांबचा प्रवास करू म्हणून घेतलेली मोठी बोट रोजच्या छोट्या फेरीला जड पडते, मग ती धक्क्यावरच उभी राहते आणि उभी राहूनच बिघडते.

वर्षाचा खर्च खरेदी किमतीच्या दहा टक्के धरावा असा एक ठोकताळा आहे. स्वस्तात मिळालेल्या जुन्या बोटीला तो साफ फसतो, कारण जागेचं भाडं, तळाचा रंग, क्रेन आणि इंजिनाचे भाग यांचा खर्च बोटीच्या लांबीवर आणि इंजिनावर ठरतो. तुम्ही बोट कितीला घेतली याच्याशी त्याचा संबंध नसतो. आमचा सल्ला असा की एकूण रकमेतला चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा आणि उरलेल्या तीन हिश्शांतच बोट शोधा. फुकट मिळणाऱ्या बोटीपासून तर चार हात लांबच राहा. सुधारायला परवडली नाही तर फायबरग्लासच्या सांगाड्याची (बोटीच्या मूळ कवचाची) विल्हेवाट लावायलाही पैसे पडतात आणि तेव्हा मालक तुम्ही असता.

पहिला फोन

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. बोट तुमच्याकडे किती वर्षं आहे? पाण्याबाहेर शेवटची कधी काढली? इंजिन किती तास चाललंय आणि शेवटची सर्व्हिस कधी झाली, पावत्या आहेत का? ती कधी बुडाली, खडकावर आपटली, विम्याचा दावा झाला? तिच्यावर कर्ज आहे का? उत्तरं लिहून ठेवा, कारण प्रत्यक्ष भेटीत हेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. बिल्जचे (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीचे), इंजिनाच्या खालच्या बाजूचे आणि क्रमांकाच्या पट्टीचे फोटो मागवा. सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवरचे दहा फोटो पाठवणारा माणूस बिल्जचा एक फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर त्याचा अर्थ लावणं अवघड नाही.

कमी तास चाललेलं इंजिन ऐकून भुलू नका. वीस वर्षांत १५० तास म्हणजे वर्षाला जेमतेम सात-आठ तास. बाकीचा सगळा काळ त्या इंजिनात जुनं इंधन साचून राहिलेलं असतं, सील वाळलेली असतात आणि थंड करणाऱ्या वाटांमध्ये मीठ बसलेलं असतं. नियमित चाललेलं, वेळेवर ऑइल बदललेलं डिझेल इंजिन काही हजार तास सहज काम देतं. पेट्रोल इनबोर्डच्या बाबतीत हजार ते दीड हजार तासांच्या आसपास मोठी दुरुस्ती गृहीत धरतात. तास दाखवणारा मीटर बदलता येतो हेही लक्षात असू द्या. अलीकडच्या आउटबोर्डमध्ये खरे तास इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले असतात आणि अधिकृत मेकॅनिक ते लॅपटॉपवर काढून देतो.

फसवणुकीची चिन्हं ठरलेली आहेत : बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत, बोट दूर कुठेतरी गोदामात, मालक भेटू शकत नाही, पैसे एखाद्या अनोळखी लिंकवरच्या मध्यस्थ खात्यात भरायचे. बोट, कागद आणि विक्रेत्याचं ओळखपत्र तिन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही.

कागद, पाहणीच्या आधी

कारखान्यात बनलेल्या बोटीला सांगाड्याचा ओळख क्रमांक असतो. तो ट्रान्समच्या उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात कोरलेला किंवा पट्टीवर असतो. अमेरिकी पद्धतीत तो १२ अक्षरांचा आणि युरोपात १४ अक्षरांचा असतो. तो नोंदणीच्या कागदांशी अक्षर-अक्षर जुळवा. पट्टीचे रिव्हेट नवे असतील किंवा आजूबाजूचा जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा चकचकीत थर) घासलेला दिसला तर तिथेच थांबा. आउटबोर्डचा आणि ट्रेलरचा क्रमांक वेगळा असतो, तेही तपासा. बोट मालकाची आणि इंजिन चोरीचं, असंही होतं.

नवख्या माणसाला माहीत नसलेली सगळ्यात महत्त्वाची कायदेशीर बाब म्हणजे थकबाकी. बऱ्याच देशांच्या सागरी कायद्यात दुरुस्तीची बिलं, कामगारांचा पगार, टक्कर झाल्याची भरपाई यांचा बोजा माणसावर नसतो, तो बोटीवर असतो आणि विक्रीनंतर तिच्यासोबत नव्या मालकाकडे येतो. म्हणून नोंदणी कार्यालयात कर्जाची नोंद आहे का ते पाहाच, शिवाय जिथे बोट ठेवलेली आहे तिथून भाडं आणि दुरुस्तीची बाकी नसल्याचं पत्र मागा.

तुमची स्वतःची पाहणी

तुम्हाला तज्ज्ञ व्हायचं नाही. सर्व्हेअरचे पैसे भरण्याआधी वाईट बोटी गाळून टाकायच्या, एवढंच या पाहणीचं काम. किमान दोन तास ठेवा आणि शक्यतो बोट पाण्याबाहेर असताना जा. सोबत चांगला टॉर्च, छोटा आरसा, प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी, मल्टिमीटर, पांढरे पेपर नॅपकिन, चिकटपट्टी आणि मळले तरी चालतील असे कपडे. ठोकून पाहण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

आधी दूरून बघा. मागे उभं राहून बोट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, पाण्यात असेल तर एकीकडे झुकली आहे का ते पाहा. मग सांगाड्याच्या बाजूला गाल टेकवल्यासारखं वाकून प्रकाशाच्या तिरिपेत नजर फिरवा. जिथे चमक बदलते किंवा पृष्ठभाग लाटेसारखा दिसतो तिथे दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे, पण ती कशामुळे झाली ते कळलं पाहिजे.

जेलकोटवरच्या भेगांचा आकार बोलका असतो. चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळलं होतं. एकमेकींना समांतर, ओळीने गेलेल्या भेगा म्हणजे आतल्या पार्टिशनच्या रेषेवर सांगाडा वाकतो आहे, आणि हे जास्त गंभीर. पाण्याच्या रेषेखाली मसुराच्या दाण्यापासून नाण्याएवढे फोड आहेत का ते हाताने चाचपा. फोडातून येणारा चिकट द्रव व्हिनेगरसारखा आंबट वासाचा असेल तर तो ऑस्मोसिस. पाणी जेलकोटमधून झिरपून आतल्या रेझिनमधल्या घटकांशी मिसळल्याने हे होतं. दहा-वीस विखुरलेले फोड असलेली बोट नाकारण्याचं कारण नाही. पूर्ण तळ भरलेला असेल तर जेलकोट सोलून, सांगाडा काही महिने वाळवून, इपॉक्सीचे थर द्यावे लागतात. फोड बोट नुकतीच बाहेर काढली असताना सगळ्यात स्पष्ट दिसतात, काही आठवडे वाळल्यावर बसतात. विक्रीच्या तोंडावर तळाला नवा रंग दिलेला असेल तर याचमुळे जास्त सावध राहायचं.

आता डेक, जिथे नवखे हमखास फसतात. बहुतेक डेक एकसंध फायबरग्लासचे नसतात. वर-खाली पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड, फोम किंवा प्लायवूडचा गाभा असतो. त्यावर बसवलेल्या प्रत्येक क्लीटचे (दोर बांधायच्या खुंटीचे), रेलिंगच्या खांबाचे, हॅचचे (डेकवरच्या झाकणाचे) स्क्रू त्या गाभ्यातून जातात. स्क्रूभोवतीचा सीलंट वर्षांनी कडक होतो, बारीक फट पडते आणि पाणी आत शिरतं. ते बाहेर यायला वाट नसते. बाल्सा मऊ पडतो, कुजतो आणि वरचा थर सुटतो. तपासायची रीत अशी : हातोडीने साधारण दहा-दहा सेंटीमीटरवर हलके ठोके देत पुढे जा. चांगला डेक कडक, स्पष्ट आवाज देतो. ओला किंवा सुटलेला भाग बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे चिकटपट्टी लावा आणि पूर्ण डेक झाल्यावर पट्ट्यांचा नकाशा बघा. एका फिटिंगभोवती तळहाताएवढा डाग म्हणजे आवरण्याजोगं काम. मीटरभर सलग पट्टा म्हणजे वरचा थर कापून गाभा बदलायचा, आणि तो खर्च कित्येकदा बोटीच्या किमतीला भिडतो. चालताना पाय दबतो का पाहा आणि आतून छतावर बोल्टभोवती तपकिरी ओघळ शोधा. ओलावा मोजणारं यंत्र कोणी देऊ केलं तरी त्याच्या आकड्यावर एकट्याने निर्णय घेऊ नका. बाहेरचा दमटपणा, रंगातले धातू, आतल्या बाजूची टाकी यांनी तो आकडा चुकतो.

आउटबोर्ड असलेल्या बोटीत डेकपेक्षाही जास्त वेळ ट्रान्समवर द्या, कारण इंजिनाचं सगळं वजन आणि जोर त्या एका फळीवर असतो आणि ती आतून प्लायवूडची असते. इंजिन वर उचला, त्याच्या पायाच्या (पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागाच्या) टोकाला धरून वजन टाकत वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. फळी हलता कामा नये. इंजिनाच्या बोल्टखालचे वॉशर आत रुतलेले, कोपऱ्यात उभ्या भेगा, पाणी काढायच्या भोकाच्या कडेला उघडं लाकूड, ही सगळी कुजल्याची लक्षणं. मालक तयार असेल तर खालच्या बाजूचा, सेन्सर बसवलेला एखादा छोटा स्क्रू काढून बघा. तपकिरी पाणी ओघळलं तर निकाल लागला. ट्रान्सम बदलायला इंजिन उतरवून एका बाजूचा पूर्ण थर कापावा लागतो.

फरशीखालच्या लांब आधारपट्ट्या म्हणजे स्ट्रिंजर. त्यांनाही हाच रोग होतो. हॅच उघडून, पाणी वाहायला कापलेल्या खाचांच्या कडा स्क्रूड्रायव्हरने दाबा. फरशीखाली फोम भरलेला असेल आणि तो पाणी पिऊन बसला असेल तर ते दिसणारच नाही. इथे वजनकाट्याचा आकडा उपयोगी पडतो. हिशेबापेक्षा दोन-तीनशे किलो जास्त भरले तर ते पाणीच असण्याची दाट शक्यता आहे.

फरशीखाली बंद केलेली ॲल्युमिनियमची इंधनटाकी ओल्या फोमला टेकून असेल तर तिला बारीक भोकं पडतात. बिल्जमध्ये पेट्रोलचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, इंजिन सुरू करू नका, बाहेर या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जच्या तळाशी साचून राहते. निरोगी पेट्रोल इनबोर्डलासुद्धा सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायचा असतो. आणि इंजिनावर मोटारगाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवलेला दिसला तर तो बदलायच्या यादीत पहिला लिहा. त्यांना ठिणगी बाहेर पडू न देणारं आवरण नसतं.

सांगाड्यातून आरपार जाणारी प्रत्येक नळी आणि तिचा सीकॉक (ती बंद करायची झडप) मोजा. पितळी झडप हळूहळू गुलाबी पडली असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलेला धातू ठिसूळ आहे. असा झडपेचा दांडा बोट पाण्यात असताना जोर लावून फिरवू नका. तो हातात तुटून आला तर बोट बुडू शकते. फिरवून पाहणं फक्त जमिनीवर. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक पाइपला दोन क्लिप हव्यात.

प्रोपेलर हाताने वर-खाली हलवा. खटखट आवाज येत असेल तर शाफ्टचं (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बेअरिंग झिजलंय. सुकाणूची पाती बाहेर काढल्यावर कित्येक दिवस थेंबथेंब गळत असेल तर तिच्या आतला फोम ओला आहे. झीज होण्यासाठीच लावलेला झिंक ॲनोड अर्धा खाल्लेला असेल तर ती चांगली खूण, तो काम करतोय. वर्षभर पाण्यात राहूनही नव्यासारखा असेल तर त्याची जोडणी तुटलीय किंवा कोणी त्यावर रंग फासलाय, आणि धातू दुसरीकडे कुठेतरी झिजतोय.

लाकडी आणि पोलादी बोटींबद्दल दोनच वाक्यं. लाकडी बोटीत फळ्यांइतकेच खिळे महत्त्वाचे असतात आणि पोलादी बोटीत पत्रा आतून गंजतो, म्हणून अल्ट्रासॉनिक जाडीमापन लागतं. पहिली बोट म्हणून दोन्ही टाळावीत असं आमचं मत आहे.

इंजिन

पोहोचल्यावर पहिलं काम : इंजिनाला हात लावा. ते थंडच हवं, असं आधीच सांगून ठेवा. गरम असेल तर मालकाने ते तुमच्याआधी सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होण्यातली अडचण तुमच्यापासून लपवली गेली आहे, असं धरून दुसऱ्या दिवशी या.

ऑइलची काडी पांढऱ्या नॅपकिनवर पुसा. डिझेलचं ऑइल काळं असतंच. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. गिअरबॉक्सचंही तसंच पाहा आणि जळका वास येतो का बघा. कूलंटवर तेलाचा तवंग नको. मग टॉर्च आणि आरसा घेऊन खालची बाजू : पाइपांच्या सांध्यांशी मिठाचे पांढरे खडे, बेल्टजवळ काळी पूड, इंजिनाच्या रबरी पायांवर तेल. एग्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं तो वाकडा पाइप, म्हणजे मिक्सिंग एल्बो, हा डिझेल इंजिनाचा कच्चा दुवा. तो आतून काजळी आणि गंजाने अरुंद होत जातो, इंजिनाचा दम कोंडतो आणि शेवटी पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये येऊ शकतं. तो कधी बदलला हे विचारा. उत्तर नसेल तर बदलायचा आहे असं धरा.

सुरू केल्यावर धूर बघा. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही किंवा इंजिनावर जास्त भार आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत काही मिनिटं चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केट.

आउटबोर्डसाठी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. पायातल्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. आधी दुधट ऑइल किंवा पाणी आलं तर सील गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर बारीक लेपासारखा चुरा चालतो, खपल्या चालत नाहीत. थंडाव्याच्या पाण्याची धार जोरदार हवी. जमिनीवर पाइप लावून चालवलेलं इंजिन फक्त सुरू होतं एवढंच सिद्ध करतं, भाराखाली ते काय करेल हे नाही.

स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रोपेलरचा पाय ट्रान्समबाहेर) असेल तर ट्रान्सममधून जाणारे घडीचे रबरी बेलोज उलगडून भेगा शोधा. ते फाटले की बोट जागच्या जागी बुडू शकते. खाऱ्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनांचे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजतात आणि काही वर्षांनी बदलावेच लागतात. सेलड्राइव्ह (इंजिनाचा पाय सांगाड्याच्या तळातून थेट खाली जाणारी रचना) असलेल्या शिडाच्या बोटीत सांगाड्याला लागलेला रबरी पडदा किती जुना आहे ते कागदावर हवं. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते.

वायरी, आणि शिडाची बोट असेल तर

विजेची पाटी उघडा. कथिलाचा मुलामा दिलेल्या, अनेक बारीक तारांच्या वायरी हव्यात. घरगुती एकतारी वायर, टेप गुंडाळलेले पीळ, हिरवं पडलेलं तांबं दिसलं तर सगळं वायरिंग नव्याने करायचा हिशेब मांडा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. विश्रांतीतली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप सुरू होतो का पाहा. हे दहा सेकंदांचं काम फार जण विसरतात.

शिडाच्या बोटीत कील (तळाखालचा जड पंखासारखा भाग) आणि सांगाड्याच्या सांध्याला पुढच्या बाजूने हसऱ्या ओठासारखी भेग आहे का ते बघा आणि आत कीलच्या बोल्टांवर गंजाचे ओघळ आहेत का तेही. कधी जोरात तळ लागलेला असेल तर कीलचं मागचं टोक वर दाबलं जातं, म्हणून खरी इजा कीलच्या मागच्या आतल्या आडव्या पट्ट्यांत सापडते. डोलकाठीला धरणाऱ्या स्टेनलेस तारांचं आयुष्य १० ते १५ वर्षं समजतात आणि विमा कंपन्याही बहुधा त्याच सुमाराला विचारणा करतात. तारेच्या खालच्या टोकाशी सुती फडकं फिरवा. एक धागा जरी अडकला तरी आतली तार तुटलीय. डेकमध्ये गाडलेल्या चेनप्लेटला (या तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीला) जिथे पाणी लागतं आणि हवा लागत नाही तिथे स्टेनलेससुद्धा गुपचूप चिरतं. शिडांची शिवण नखाने ओढून बघा. उन्हाने आधी दोरा जातो, कापड नंतर.

बोली, सर्व्हेअर आणि पाण्यातली चाचणी

बोट इथवर टिकली तर लेखी बोली द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : खरेदी सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक होण्याच्या अटीवर आहे, तसं न झाल्यास इसाऱ्याची रक्कम परत मिळेल, आणि ही सगळी प्रक्रिया कोणत्या तारखेपर्यंत संपेल. इसारा साधारण दहा टक्के असतो. तो विक्रेत्याच्या खिशात जाऊ देऊ नका, दलालाच्या किंवा वकिलाच्या वेगळ्या खात्यात ठेवा. बोटीसोबत काय काय येणार, म्हणजे नांगर, डिंगी (सोबतची छोटी होडी), लाइफ राफ्ट, जादा प्रोपेलर, याची यादी जोडा.

सर्व्हेअर तुम्ही शोधायचा, विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. त्याच्या एखाद्या जुन्या अहवालाचा नमुना मागा आणि तुमच्या विमा कंपनीला त्याचा अहवाल चालतो का ते विचारा. जुन्या बोटीचा विमा पाण्याबाहेरच्या सर्व्हेशिवाय सहसा मिळत नाही. सर्व्हेत इंजिनाची तपासणी बहुतेकदा फक्त वरवरची असते, त्यासाठी वेगळा मेकॅनिक बोलवा आणि ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. मात्र ऑइल नुकतंच बदललेलं असेल तर त्या नमुन्यातून फारसं काही हाती लागत नाही. सर्व्हेच्या दिवशी स्वतः हजर राहा. अहवालाच्या चाळीस पानांत जे नीट कळत नाही ते सर्व्हेअरच्या शेजारी तासभर उभं राहून कळतं. विक्रेत्याने दिलेला जुना सर्व्हे वाचा जरूर, पण तो दुसऱ्यासाठी लिहिलेला आहे. त्यातली चूक तुमच्या माथी आली तर तो सर्व्हेअर तुम्हाला बांधील नसतो.

पाण्यातल्या चाचणीत तळ स्वच्छ, टाकी अर्धी भरलेली आणि नेहमीइतकी माणसं हवीत. थंड इंजिन सुरू करा, वीस-पंचवीस मिनिटं मध्यम वेगाने चालवून तापमान स्थिर राहतं का पाहा, मग काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला किती फेरे मिळायला हवेत ते दिलेलं असतं. तितके मिळाले नाहीत तर प्रोपेलर चुकीचा आहे, तळावर शेवाळ-शिंपले आहेत किंवा इंजिनात दम नाही. याच वेळी तापमान चढू लागलं तर कूलिंगच्या वाटा तुंबल्या आहेत. कमी वेगात हा दोष लपून राहतो, म्हणून विक्रेता पूर्ण थ्रॉटल नको म्हणाला तर चाचणी अपुरी समजा. पुढचा-मागचा गिअर, दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं, आणि थांबल्यावर लगेच बिल्ज. पॅकिंगच्या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून (शाफ्ट सांगाड्याबाहेर पडतो तिथल्या सीलमधून) शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं योग्य आहे, शाफ्ट थांबल्यावर धार लागणं नाही.

अहवाल हातात आल्यावर भाव करताना फाटक्या गाद्या आणि फिका रंग यात शक्ती घालवू नका. ते बोली देतानाच दिसत होतं. जे दिसत नव्हतं, म्हणजे ओला गाभा, सील, तारा, टाकी, त्याचा दुरुस्तीवाल्याकडून लेखी अंदाज घ्या आणि तो पुढे ठेवा. विक्रेत्याने स्वतः दुरुस्त करून देण्यापेक्षा किंमत कमी करून घेणं बरं, कारण निघून जाणारा माणूस दुरुस्ती स्वस्तातली करतो. कुजलेला ट्रान्सम, सैल कील, ऑइलमध्ये पाणी किंवा क्रमांक न जुळणारे कागद यांपैकी एकही असेल तर पहिली बोट म्हणून ती सोडून द्या, भाव कितीही उतरला तरी. सर्व्हेचे पैसे गेले म्हणून बोट घेऊ नका.

पैसे देताना आणि पहिल्या आठवड्यात

विमा सुरू झाल्यावरच पैसे द्या. विक्रीपत्रावर सांगाड्याचा, इंजिनाचा आणि ट्रेलरचा क्रमांक, तारीख, वेळ, किंमत, दोघांच्या सह्या आणि बोजा नसल्याचं विधान हवं. आधीच्या मालकाकडून पुस्तिका, चाव्या, पावत्या घ्या आणि तासभर बसून कुठली झडप कुठला पाइप बंद करते ते एकेका झडपेकडे हात करून विचारून घ्या.

त्यानंतर, पावत्या काहीही सांगत असल्या तरी, तुमच्या हातची तारीख घालून हे बदला : इंजिन आणि गिअर ऑइल, ऑइल व इंधनाचे फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), बेल्ट, ॲनोड. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादी तुटून गेली असेल तर तिचा तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनाचं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा इंपेलर बसवून उपयोग नाही. ट्रेलर असेल तर चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस, आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, म्हणजे पाइप सुटला तर ती शोधावी लागणार नाही.